नेमबाजी आणि वर्कशॉप: कानांसाठी योग्य संरक्षण कसे निवडावे

नेमबाजीच्या रेंजवर किंवा फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला डोळ्यांच्या चष्म्याबद्दल कोणीतरी आवर्जून सांगते. कानांबद्दल मात्र त्याला बहुतेक वेळा "होईल सवय" एवढेच ऐकायला मिळते. आवाजाची अशी सवय कानाला होत नाही. आवाज पूर्वीइतका टोचत नाहीसा झाला, तर ऐकण्याची क्षमता घटू लागली असण्याचीच शक्यता अधिक असते. ज्यांनी नुकतीच रेंजवर नावनोंदणी केली आहे, किंवा घरच्या गॅरेजमध्ये ग्राइंडर आणि लाकूडकापणीचे यंत्र आणले आहे, त्यांनी कानांसाठी काय घ्यावे, ते कसे बसवावे आणि कशावर पैसे वाया घालवू नयेत, हे येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा वस्तू कानात नीट बसणे आणि आवाज थांबेपर्यंत ती न काढणे यांवर संरक्षण अधिक अवलंबून असते, हे सूत्र पुढील प्रत्येक टप्प्याच्या मुळाशी आहे.

पहिला टप्पा: आपला आवाज कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

वर्कशॉपमधला आवाज मुख्यतः सलग असतो. ग्राइंडर, चॉप सॉ, प्लॅनर, कॉम्प्रेसर ही यंत्रे मिनिटामागून मिनिटे चालतात आणि कानाचे नुकसान पातळी व वेळ या दोहोंच्या हिशेबाने साठत जाते. डेसिबल हे माप सरळ चढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते, आणि म्हणून सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, म्हणजे नायॉश, ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सुचवते. या हिशेबाने ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात. पत्र्यावर चालणारा हातातला ग्राइंडर सहज १०० च्या आसपास जातो, आणि लाकूड कापणारी गोल करवत त्याच्याही पुढे जाऊ शकते. भारतातील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली आहे. ती तुलनेने सैल आहे, म्हणून स्वतःच्या कानांसाठी ८५ चाच आकडा धरावा असे माझे मत आहे.

गोळीबाराचा आवाज वेगळ्या जातीचा असतो. तो काही मिलिसेकंदांत शिखर गाठतो आणि संपतो. मोठा आवाज आल्यावर मधल्या कानातले बारीक स्नायू आखडून आतल्या कानाला थोडे संरक्षण देतात, परंतु त्यांना आखडायला साधारण दहा ते शंभर मिलिसेकंद लागतात, आणि तोपर्यंत धक्का आत पोहोचलेला असतो. येथे मिनिटांचा हिशेब उपयोगाचा नाही. प्रौढ माणसासाठी शिखर-पातळीची मर्यादा १४० डेसिबल मानली जाते, आणि मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १२० डेसिबलचा आकडा दिला आहे. पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची रायफल, या १४० च्या आसपास असते. आखूड नळीचे पिस्तूल, सेंटर-फायर (बुडाच्या मध्यभागी आघात होऊन उडणारी, अधिक ताकदीची) काडतुसे आणि बारा बोअरची बंदूक १५० ते १६५ पर्यंत जातात. ध्वनीच्या दाबाने मोजले तर १४० डेसिबल म्हणजे २०० पास्कल, अर्थात ८५ डेसिबलच्या साडेपाचशेपट. इतक्या मोठ्या आवाजाने एका गोळीतही कायमची इजा होऊ शकते. "दोनच तर राउंड टाकायचे आहेत" या सबबीला म्हणूनच अर्थ नाही.

वर्कशॉपमध्येही असे ठोकेबाज आवाज असतात. पत्र्यावर हातोडा, पॉवर प्रेस, नेल गन, लोखंडी पाइप फरशीवर पडणे, हे सगळे त्याच जातीचे. पुण्यातील कसबा पेठेच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके पाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अशाच व्हेनिसमधील तांबटांना ऐकू कमी येते, अशी नोंद इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून ठेवली होती. इतका हा धोका जुना आहे.

आपल्या जागेतील पातळीचा अंदाज घेण्याची साधी रीत अशी की, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर पातळी ८५ च्या पुढे गेली आहे असे धरावे. मोबाइलवरील आवाज मोजणारी ॲप्स सलग आवाजाचा ढोबळ अंदाज देतात. गोळीच्या आवाजासाठी मात्र त्यांचा अजिबात उपयोग नाही, कारण फोनचा माइक त्या शिखराच्या कितीतरी आधीच भरून जातो आणि पडद्यावर दिलासा देणारा पण खोटा आकडा दिसतो.

दुसरा टप्पा: खरेदीआधी कान तपासून घ्या

आतल्या कानातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने होणारी हानी बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास प्रथम दिसते. त्यामुळे सुरुवातीला बोलणे ऐकू येते पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात, आणि लग्नाच्या हॉलसारख्या गजबजाटात समोरच्याचे शब्द लागत नाहीत. हे इतके हळू होते की घरच्यांच्या आधी स्वतःला कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून तिचा कागद जपून ठेवावा, आणि नंतर दरवर्षी तीच चाचणी करून त्याच्याशी ताडून पाहावे. चाचणीपूर्वी किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून दूर राहावे, नाहीतर तात्पुरता थकवा कायमच्या नुकसानीसारखा दिसतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत ही सोय असते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर याच विषयाला वाहिलेली आहे.

तपासणीत कानात मळ दिसला तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, कारण इअरप्लगने, म्हणजे कानात घालायच्या बुचाने, तो आणखी आत ढकलला जातो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर इअरप्लग अजिबात वापरू नये. कान बाहेरून झाकणारा इअरमफ वापरता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. दर आठवड्याला कानात कोमट तेल घालण्याची आपल्याकडची घरगुती सवयही इअरप्लग वापरणाऱ्याने सोडलेली बरी. तेलकट कानात फोम धरून राहत नाही.

तिसरा टप्पा: प्रकार समजून घ्या

फोमचे इअरप्लग सर्वांत स्वस्त असतात आणि नीट बसवले तर आवाज सर्वांत जास्त रोखणाऱ्या साधनांत मोडतात. बोटांत वळून बारीक करायचे, कानात घालायचे आणि फुगू द्यायचे, अशी त्यांची रीत आहे. ती अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. रबर किंवा सिलिकॉनचे, छत्रीसारख्या चकत्या असलेले इअरप्लग धुऊन पुन्हा वापरता येतात आणि वळावे लागत नाहीत. ग्रीसचे हात असलेल्या माणसाला तेच सोयीचे, कारण ऑइलच्या बोटांनी फोम वळला की ते सगळे ऑइल कानात जाते. कानाचा साचा घेऊन बनवलेले प्लग श्रवणतज्ज्ञांकडून करून मिळतात. रोज तासन्‌तास वापर असेल तर त्यांचा आराम मोठा असतो, परंतु नवख्याने पहिल्याच महिन्यात तो खर्च करण्याचे कारण नाही.

इअरमफ म्हणजे डोक्यावरच्या पट्टीला जोडलेल्या दोन वाट्या, ज्या अख्खा कान झाकतात. ते बसवायला सोपे, काढघाल करायला सोपे, आणि कोणी घातले आहेत ते लांबूनही दिसतात. चुकीच्या पद्धतीने घातलेल्या फोमपेक्षा साधा इअरमफ नवख्याला अधिक भरवशाचे संरक्षण देतो. परंतु त्याचे तीन शत्रू आहेत: चष्म्याच्या काड्या, केस आणि उन्हाळा.

इलेक्ट्रॉनिक इअरमफमध्ये बाहेर माइक आणि आत स्पीकर असतो. हळू आवाज ते आत पोहोचवतात, आणि बाहेरचा आवाज साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या पुढे गेला की आत पोहोचवणे रोखतात. गोळीचा आवाज अडवण्याचे काम त्यांतही वाटीच करते. म्हणून बॅटरी संपली तरी संरक्षण राहते, फक्त बोलणे ऐकू येईनासे होते. प्रशिक्षक आणि रेंज अधिकाऱ्यांना ते फार उपयोगी पडतात. स्पर्धकाने मात्र विकत घेण्याआधी नियम पाहावा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धकांना ध्वनी ग्रहण करणारे कोणतेही उपकरण बसवलेले कर्णसंरक्षण चालत नाही. सरावात महागड्या इलेक्ट्रॉनिक मफची सवय लावून स्पर्धेच्या दिवशी साध्यावर येणे त्रासदायक ठरते.

काही गोष्टी संरक्षणात मोजूच नयेत. कापसाचा बोळा जेमतेम काही डेसिबल अडवतो. कानात रिकामी काडतुसे खुपसणे ही जुनी रेंजवरची टूम आहे. तिने कान सुरक्षित होत नाही, उलट काडतूस अडकण्याचा धोका असतो. विमानप्रवासासाठी घेतलेले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन इंजिनची घरघर कमी करतात, पण ते कर्णसंरक्षण म्हणून तपासलेले नसतात आणि गोळीच्या धक्क्यापुढे त्यांची प्रणाली हतबल असते.

चौथा टप्पा: खोक्यावरचा आकडा वाचायला शिका

अमेरिकी पद्धतीच्या खोक्यावर एनआरआर आणि युरोपीय पद्धतीच्या खोक्यावर एसएनआर असा, वस्तू आवाज किती कमी करते ते सांगणारा आकडा असतो. दोन्ही डेसिबलमध्ये असले तरी चाचणीची रीत वेगळी असल्याने एकाच वस्तूचे दोन आकडे वेगळे येतात, आणि एसएनआर बरेचदा काही डेसिबलने मोठा दिसतो. म्हणून एका कंपनीचा एनआरआर आणि दुसऱ्या कंपनीचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नये. बाजारातील चांगल्या फोम प्लगचा एनआरआर ३३ पर्यंत आणि जाड वाटीच्या इअरमफचा सुमारे ३१ पर्यंत जातो. यापुढचे, ४० किंवा ५० असे आकडे एकट्या वस्तूवर एनआरआर म्हणून छापलेले दिसले, तर ती वस्तू दुकानातच ठेवावी.

हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तेथे वस्तू काळजीपूर्वक बसवलेली असते, शेडमधल्या घाईत तशी ती बसत नाही. त्यामुळे अमेरिकेत हिशेबासाठी एक सावध रीत वापरतात: एनआरआरमधून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. समजा ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबल आहे आणि प्लगचा एनआरआर २९ आहे. २९ मधून ७ गेले, २२ उरले, त्याचे निम्मे ११. म्हणजे कानाशी सुमारे ८९ डेसिबल पोहोचतील असे धरायचे. पंधरा मिनिटांच्या जागी आता तीन तास मिळतात, पण आठ तास मिळत नाहीत. ज्याने २९ थेट वजा करून ७१ काढले, तो दिवसभर निर्धास्तपणे काम करील आणि नुकसान करून घेईल.

हा आकडा सलग आवाजावर मोजलेला असतो, हेही लक्षात ठेवायला हवे. गोळीबारासारख्या ठोक्याच्या आवाजाबाबत तो नेमका मार्गदर्शक ठरेलच असे नाही, ही सूचना अमेरिकी खोक्यांवर बारीक अक्षरांत छापलेलीच असते, पण ती सहसा कोणी वाचत नाही. नेमबाजासाठी २७ आणि २९ यांतील फरकावर डोके शिणवण्यापेक्षा दुहेरी संरक्षण घेणे शहाणपणाचे आहे. आत फोम आणि वर इअरमफ घातल्याने दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही. दोहोंतील मोठ्या आकड्यावर साधारण ५ डेसिबल मिळतात असे धरतात, कारण एका मर्यादेनंतर आवाज कवटीच्या हाडांतूनच आत पोहोचू लागतो. तरीही ते ५ डेसिबल मोलाचे आहेत, आणि त्याहून मोलाचे हे की, दोहोंपैकी एक थोडे सरकले तरी दुसरे जागेवर असते.

आकड्याइतकाच वेळही महत्त्वाचा आहे, आणि हा हिशेब बहुतेकांना धक्का देतो. ३० डेसिबल रोखणारे साधन दर तासाला फक्त पाच मिनिटे काढले, तर दिवसअखेर मिळालेले सरासरी संरक्षण ११ डेसिबलच्या खाली येते. अर्धा वेळ काढून ठेवले तर ते ३ डेसिबल उरते, मग खोक्यावर कितीही मोठा आकडा असो. दिवसभर सहन होणारा २२ चा मफ, तासाभरात काढावासा वाटणाऱ्या ३१ च्या मफपेक्षा म्हणूनच चांगला.

पाचवा टप्पा: बसवण्याचा सराव करा

फोम प्लगचा सराव घरी, शांततेत करावा. हात धुवावेत. उजव्या कानासाठी प्लग उजव्या हाताच्या अंगठा आणि बोटांत धरून, न दुमडता, न चुरगळता, सुरकुती पडणार नाही अशा बेताने वळत वळत बारीक काडीसारखा करावा. डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन उजव्या कानाची वरची पाळी वर आणि मागे ओढावी. असे केल्याने वाकडी कर्णनलिका सरळ होते आणि बारीक झालेला प्लग न अडखळता आत जातो. मग बोटाच्या टोकाने तो तसाच दाबून धरावा आणि मनात तीस ते चाळीस आकडे मोजावेत. घाई करणारे नेमके येथेच हात काढतात; फोम फुगताना स्वतःला बाहेर ढकलतो आणि अर्धा प्लग कानाबाहेर लोंबत राहतो.

नीट बसला की नाही, ते तपासण्याच्या तीन खुणा आहेत. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, माठात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू यायला हवा. सलग आवाज चालू असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून काढले, तर फारसा फरक जाणवता कामा नये. फरक जाणवला तर प्लग गळतो आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला प्लगचे टोक बाहेर आलेले दिसू नये. काढताना झटका न देता पिळत पिळत हळू काढावा, नाहीतर पडद्यावर ताण येतो. काही स्त्रियांची आणि किशोरवयीन मुलांची कर्णनलिका अरुंद असते. त्यांना नेहमीच्या मापाचा प्लग दुखतो, म्हणून लहान माप मागून घ्यावे.

इअरमफ घालताना केस मागे सारावेत आणि कानाची पूर्ण पाळी वाटीच्या आत आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. मोठ्या रिंगा, झुमके किंवा भिकबाळी काढून ठेवावी, कारण गादीखाली मोती आला की तेथे फट पडते. ओढणी, रुमाल, टोपीची कड यांपैकी काहीही गादीखाली येता कामा नये. चष्म्याच्या जाड काड्यांमुळे काही डेसिबल सहज गळतात, तेव्हा पातळ आणि चपट्या काड्यांचा सुरक्षा चष्मा निवडावा किंवा आतून प्लग घालावेत. हेल्मेट लागणाऱ्या कामात हेल्मेटला जोडता येणारे मफ घ्यावेत. पट्टी हेल्मेटवरून ताणून बसवलेला साधा मफ कानाला टेकतच नाही.

सहावा टप्पा, रेंजसाठी: प्रकारानुसार निवड

महाराष्ट्रात बहुतेक नवखे नेमबाज १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने सुरुवात करतात. दाबलेल्या हवेचा आवाज दारूच्या काडतुसाच्या जवळपासही जात नाही. तरी बंद हॉलमध्ये शेजारी शेजारी अनेक लेन चालू असतात, आणि एकाग्रतेसाठी म्हणून का होईना, हलके प्लग घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. पुढे पॉइंट टू टू कडे गेल्यावर ती सवय आपोआप कामी येते.

५० मीटर रायफल प्रकारात, ज्यात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले, नेमबाजाचा गाल तासन्‌तास कुंद्याला टेकलेला असतो. जाड वाटीचा मफ येथे कुंद्याला लागतो, डोके किंचित वर उचलले जाते, आणि नेमके त्याच क्षणी वाटीखाली फट पडते. त्यामुळे रायफल आणि शॉटगनसाठी आधी चांगले प्लग, आणि वर मफ घालायचाच असेल तर खालून निमुळत्या, चपट्या वाटीचा, असा क्रम ठेवावा. दुकानात मफ घालून गाल टेकवण्याची स्थिती करून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. उजव्या खांद्यावरून लांब बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाला अधिक जवळ असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला असतो. म्हणून डाव्या कानाचा प्लग विशेष काळजीने तपासावा.

पिस्तुलात गालाची अडचण नसते, म्हणून येथे मफ मोकळेपणाने वापरता येतो. २५ मीटर रेंजवर, विशेषतः सेंटर-फायर चालू असताना, दुहेरी संरक्षण घ्यावे. छत आणि भिंती असलेल्या रेंजवर आवाज परतून येतो, त्यामुळे तेथे दुहेरी संरक्षणाला पर्याय नाही. ट्रॅप आणि स्कीट हे उडत्या चकत्यांवर बंदुकीने नेम धरण्याचे प्रकार मोकळ्या मैदानात होतात, तरी बारा बोअरचा आवाज आणि दिवसभरातील फैरींची संख्या लक्षात घेता तेथेही प्लग चांगल्या दर्जाचेच हवेत.

फायरिंग पॉइंटवर जाण्याआधीच कान झाकावेत आणि शेवटच्या लेनचा गोळीबार थांबल्याची घोषणा होईपर्यंत उघडू नयेत. स्वतःचे राउंड संपले म्हणून मफ गळ्यात अडकवून उभा राहणारा नवखा शेजारच्या पिस्तुलाचा पूर्ण आवाज उघड्या कानाने घेतो. मुलाला सोडायला आलेल्या पालकांनी आणि सोबतच्या लहान भावंडांनीही आत येताना कान झाकावेत. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली आहे, हे वर आलेच आहे.

सातवा टप्पा, वर्कशॉपसाठी: यंत्रानुसार निवड

कान झाकण्याआधी आवाज जिथे कमी करता येईल तिथे तो कमी करावा. कॉम्प्रेसर शेडबाहेर हलवणे, पत्रा ठोकताना खाली रबराची जाड शीट टाकणे, करवतीचे पाते धारदार ठेवणे, हवेने जॉब साफ करताना कमी दाब वापरणे, यांवर खर्च थोडा आणि फायदा रोजचा आहे.

काम तुटक असेल, म्हणजे दोन मिनिटे ग्राइंडर आणि दहा मिनिटे मापजोख, तर मफच घ्यावा. प्लग दर दोन मिनिटांनी कोणी नीट घालत नाही. मफ यंत्राच्या बटणाजवळच्या खिळ्याला टांगून ठेवावा, म्हणजे बटण दाबण्याआधी हात तिकडेच जातो. काम सलग असेल, जसे इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पूर्ण पाळी किंवा सुताराच्या प्लॅनरवर अख्खी दुपार, तर प्लग बरे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये मफच्या गादीखाली घामाच्या धारा लागतात आणि तो तासाभरात टेबलावर जातो. लेथ, ड्रिल अशा फिरत्या यंत्रांजवळ दोरीवाले प्लग वापरू नयेत, किंवा दोरी मानेमागून शर्टाच्या आत सोडावी.

सर्वांत मोठ्या आकड्याचा हव्यास वर्कशॉपमध्ये धोक्याचा ठरू शकतो. कानाशी पोहोचणारा आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान राहिला तर काम सुरक्षित आणि सोयीचे होते. तो ७० च्या खाली गेला की माणूस एकटा पडतो. फोर्कलिफ्टचा हॉर्न, बेअरिंगचा बदललेला आवाज, मागून आलेली "थांब" ही हाक त्याला ऐकू येत नाही. ९२ डेसिबलच्या जागेत दुहेरी संरक्षण घालणे म्हणून योग्य नाही. ब्लूटूथवर गाणी वाजवणारे मफ घेतले, तर गाण्याचा आवाजही दिवसाच्या हिशेबात धरला जातो हे विसरू नये.

जॉब धरून उभा असलेला हेल्पर ग्राइंडरपासून जवळजवळ तितक्याच अंतरावर असतो आणि पुष्कळदा त्याच्याच कानात काही नसते. खरेदी करताना त्याचाही जोड घ्यावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने आवाजामुळे येणारा बहिरेपणा नोंद बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातला होता, तो अशाच कामगारांचा विचार करून.

आठवा टप्पा: खरेदी, निगा आणि डॉक्टर

खोक्यावर मानकाचा उल्लेख पाहावा. भारतीय मानक आयएस ९१६७ आहे. युरोपीय ईएन ३५२ मालिकेत पहिला भाग मफसाठी आणि दुसरा प्लगसाठी आहे. अमेरिकी एनआरआर हा एएनएसआय एस ३.१९ या चाचणीवरून काढतात. मानक नाही, उत्पादकाचे नाव नाही, फक्त मोठ्या अक्षरांतला आकडा आहे, अशी वस्तू घेऊ नये. नामांकित कंपन्यांच्या नकलाही बाजारात फिरतात, म्हणून औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह खरेदी करावी. नवख्यासाठी माझी शिफारस अशी: दोन-तीन वेगवेगळ्या बनावटींच्या फोम प्लगचे थोडे थोडे जोड घेऊन कोणता आपल्या कानात बसतो ते ठरवावे, एक मध्यम वजनाचा साधा मफ घ्यावा, आणि इलेक्ट्रॉनिक मफचा विचार काही महिन्यांनी करावा.

फोम प्लग मळले, कडक झाले किंवा वळल्यावर पूर्ववत फुगेनासे झाले की फेकून द्यावेत. ते धुऊन वापरू नयेत. सिलिकॉनचे प्लग साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवून डबीत ठेवावेत. मफच्या गाद्या घामाने कडक होतात आणि त्यांना बारीक भेगा पडतात. रोजचा वापर असेल तर सहा महिने ते वर्षभरात गाद्या आणि आतला स्पंज बदलावा, आणि असे सुटे संच मिळणारे मॉडेलच मुळात निवडावे. मफ गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकू नये, पट्टी ताणून हेल्मेटवर अडकवून ठेवू नये. पट्टीचा दाब गेला की वाटी चांगली असूनही मफ निकामी होतो. इलेक्ट्रॉनिक मफ महिनाभर ठेवून द्यायचा असेल तर बॅटऱ्या काढाव्यात, कारण पावसाळ्यात त्यांना पाणी सुटून संपर्कपट्ट्या गंजतात.

काम संपल्यावर कानात शिटी वाजल्यासारखे होणे, दडे बसणे किंवा टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा वाढवावा लागणे, याचा अर्थ त्या दिवशीचे संरक्षण अपुरे पडले. दुसऱ्या दिवशी आपोआप बरे वाटले तरी प्लगचे माप, बसवणे आणि गाद्या तपासाव्यात. ही लक्षणे एक दिवसाहून अधिक टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले किंवा चक्कर येऊ लागली, तर आठवडाभर वाट न पाहता त्याच दिवशी जावे, कारण अशा वेळी उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. जाताना जुना ऑडिओमेट्रीचा कागद सोबत न्यावा.